फुगवट्यावरचा वारा

आषाढ शुद्ध पंचमी, दोन वर्षांपूर्वीची. रक्कम पाचशे रुपये. दिवसभर होडी तयार ठेवण्यासाठी मासेमारी करणारे शंकरमामा यांना आगाऊ. हजर: मी, माझी बायको सुमन, थोरले बंधू, मुलगी मुक्ता आणि परगावाहून जागेची पाहणी करायला आलेले एक सर. स्थळ पूर्णा नदीवरच्या धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणाचं पाणी पात्रातून मागं जिथवर चढतं तो भाग. वारा पश्चिमेचा, पाण्यावर ताशी अठरा किलोमीटर, झटका बावीसचा.

मी हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका अडत दुकानात हिशेब लिहितो. तारीख, रक्कम, हजर माणसं एवढं कागदावर आलं की व्यवहार मिटला असं समजायची आम्हाला सवय असते. त्या दिवसाचं तसं झालं नाही.

परवापासून आषाढाचा वारा पुन्हा सुटला आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार दिवसभर आपटतं. सुमन त्याच्या फटीत गोणपाटाची घडी खोचते, घडी सुटते, दार परत आपटतं. वाळत घातलेले कपडे तारेवर आडवे होतात. मोंढ्यात या वाऱ्याची ओळख वेगळी. हा पश्चिमेचा ओला वारा लागला की गोदामातल्या हळदीच्या पोत्याचं वजन वाढतं. हळद तेवढीच असते, वाढतं ते वाऱ्यानं आणलेलं पाणी. शेतकरी काट्याकडे बघून खूश होतो, व्यापारी ओलाव्याची कट लावतो, म्हणजे तेवढं वजन वजा धरतो, आणि दोघांच्या मध्ये बसून ती कट मी लिहितो. पंचवीस वर्षं हेच करतो आहे. वारा आला की मला आधी वजन आठवायचं. आता मुक्ताचं शीड आठवतं. पन्नाशीनंतर माणसाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही म्हणतात. शिरतं, फक्त नंतर त्याचं काय करायचं ते कळत नाही.

मुक्ता आमची एकुलती एक. शिक्षण खेळाचं झालं आणि नोकरी समुद्रकाठी लागली. शिडाच्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचा एक खेळ आहे, तो ती तिथं पर्यटकांना शिकवायची. आमच्या भावकीत कोणी गुडघाभर पाण्याच्या पुढं गेलेलं नाही. लग्नाच्या बोलणीत मुलगी काय करते असं कोणी विचारलं की सुमन ‘शिक्षिका आहे’ म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. चार वर्षांनी एका दिवाळीला मुक्ता घरी आली ती नोकरी सोडूनच. म्हणाली, दुसऱ्याच्या किनाऱ्यावर किती दिवस राहायचं? आपल्याकडं एवढं मोठं पाणी आहे, इथंच केंद्र काढते. ती ज्यांच्याकडं शिकली आणि नोकरीला होती ती संस्था फळ्या, शिडं आणि पहिल्या वर्षाचा खर्च द्यायला तयार होती. अट एकच, वारा आहे हे जागेवर येऊन दिसलं पाहिजे. दिसला तर मुलगी गावात राहणार होती, नाही तर परत समुद्राकडं. सगळा प्रश्न एवढाच होता, आणि त्याचं उत्तर देणं आमच्या कोणाच्या हातात नव्हतं.

तिनं सामानातून एक यंत्र काढलं. मुठीत मावेल एवढं, वर बोटभर पंखा. वाऱ्यात धरलं की आकडा दाखवतं. ते माझ्या हातात देत ती म्हणाली, “बाबा, आकडा तुमी बघायचा. मी बघितला की मला पाहिजे तोच दिसतो.”

इतका मान मला मोंढ्यात कधी मिळाला नव्हता.

दर रविवारी मी आणि सुमन मोटारसायकलवर गावाकडं जाऊ लागलो. गाव औंढा तालुक्यात, थोरले बंधू तिथं शेती बघतात, आणि आमचं रान फुगवट्याच्या काठालाच टेकलेलं आहे. मुक्ता त्यांच्याकडंच राहत होती. दिवाळीनंतरचं ते पाणी मला अजून दिसतं. काठोकाठ भरलेलं, हिरवट, आणि ताटात ओतलेल्या तेलासारखं गप्प. पलीकडच्या बाभळी त्यात उलट्या उभ्या. सकाळी पाण्यावर धुकं असायचं आणि धुक्यातून शंकरमामांच्या वल्ह्याचा आवाज यायचा, माणूस दिसायच्या कितीतरी आधी. यंत्राचा पंखा जागचा हलायचा नाही. कधी तीन, कधी चार. मी हात उंच करून धरायचो, जणू वर कुठं तरी जास्त असेल.

शंकरमामांना आमची गंमत वाटायची. जाळं टाकायला पाणी स्थिर लागतं, त्यामुळं ते वाऱ्यावर कायम वैतागलेले. ते सुमनला म्हणाले होते, “वैनी, वारं नसलं तर आमचं पोट भरतं, आन वारं असलं तर तुमच्या पोरीचं. देवानं कुनाचं आयकावं?”

विचार केला तर आमच्या मुलखात वाऱ्याला मागणी पुष्कळ. पण प्रत्येकाची वेगळी. हळद शिजवून वाळत घातली की कोरडा, मंद वारा पाहिजे. कापूस फुटला की वारा अजिबात नको. उसाला वादळ नको. फवारणीला तर पान हलायला नको. पूर्वी खळ्यावर धान्य उपणायला वारा लागायचा, तोही बेताचा, भूस उडवील आणि दाणा पायाशी पाडील एवढाच. आता मळणी यंत्रावर होते, खळी मोडली, आणि वाऱ्याची वाट बघणारं माणूस गावात उरलं नाही. वारा पाण्यावर दोन-तीन तास एकसारखा, एका दिशेनं वाहावा, असं तर त्याला इथं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मुक्तानं पहिल्यांदा सांगितलं.

माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्रात वारा थोडा जागा झाला, तर धरणातून कालव्याला पाण्याची पाळी सुटली. उन्हाळी भुईमुगाला, उसाला पाणी पाहिजेच, त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही. पण प्रत्येक पाळीला पाणी मागं सरायचं. आज जिथं उभं राहून यंत्र धरलं तिथं पुढच्या रविवारी भेगाळलेला गाळ. काठ दूर जाताना मागं काय काय ठेवून जातो ते तेव्हा बघितलं. जुन्या बांधाचे दगड, बुडालेल्या झाडांची काळी खोडं, कोणाच्या तरी विहिरीचं तोंड. मुक्ता त्या खोडांवर चुन्यानं खुणा करायची आणि जागा वहीत लिहून ठेवायची. पाणी चढल्यावर ती खाली दिसणार नाहीत आणि फळीखालचं पातं त्यांत अडकेल म्हणून.

वैशाखात वारा आला तो वेड लागल्यासारखा. सकाळी काही नाही. दुपारी रानातून मातीची वावटळ उठायची, यंत्रावर तीस दाखवायची आणि मी सुमनला सांगेपर्यंत आकडा पाचवर. मुक्ता म्हणायची, हा वारा मोजायचा नाही, हा पाहुणा आहे. वळवाच्या ढगांनी तर तिला एकदा धडा दिला. गाळाच्या पुढं जे थोडं पाणी उरलं होतं त्यात ती फळी घेऊन गेली होती. एकाएकी हवा थांबली. बाभळीच्या वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या त्या गप्प झाल्या, आणि अंगाला गार लागलं. मुक्तानं शीड तिथंच पाण्यात आडवं केलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून फळी ओढत काठाला आली. ती वर चढते न चढते तोच वारा उलट्या बाजूनं आला, धुळीची भिंतच्या भिंत घेऊन. पत्र्याच्या शेडवरचा एक पत्रा उडून आमच्या डोक्यावरून पाण्यात जाऊन पडला.

सुमन प्रत्येक रविवारी यायची, पण पाण्याकडं पाठ करून बसायची. मांडीवर सूप, सुपात डाळ. निवडलेलीच डाळ ती पुन्हा निवडायची. त्या दिवशी धूळ बसल्यावर तिनं एवढंच विचारलं, “आली का वर?” मी हो म्हणालो. ती पुन्हा डाळ चाळू लागली. डाळीत माती झाली होती.

ज्येष्ठात वाऱ्याला शिस्त आली. दुपारी एकच्या सुमारास पश्चिमेकडून सुरू व्हायचा आणि सूर्य बाभळीच्या खाली जाईपर्यंत टिकायचा. बारा, चौदा, सोळा. पंखा भिंगरीसारखा फिरायचा आणि त्याचा बारीक आवाज तळहातात जाणवायचा. पाणी मात्र त्या वेळी वर्षातलं सगळ्यात कमी. तरी पात्राच्या मधल्या खोल भागात एक पट्टा होता, आणि एका रविवारी मुक्तानं तिथं पहिल्यांदा रीतसर शीड उभारायचं ठरवलं. फळी आणि शीड तिनं समुद्राकडून जुनं घेऊन मागवलं होतं.

इथं आमच्या दादांची, म्हणजे थोरल्या बंधूंची, गोष्ट सांगायला पाहिजे. दादा वाऱ्याबाबत कोणाचं ऐकत नाहीत. तरुणपणी तिपाईवर उभं राहून दिवसदिवस त्यांनी ज्वारी उपणली आहे. अजूनही पेरणीच्या आधी घरचं सोयाबीनचं बियाणं ते सुपानं वाऱ्यावर स्वच्छ करतात, यंत्राला हात लावू देत नाहीत. आमच्या खळ्यावर एक रीत होती. उपणताना वारा पडला तर ‘वारा पडला’ असं कोणी म्हणायचं नाही. तो ऐकतो आणि रुसतो. म्हणायचं, वारा पाणी प्यायला गेला. आजोबा म्हणायचे, वडील म्हणायचे, आणि आम्ही लहानपणी काठावर जाऊन बघायचो की वारा पाणी पिताना कसा दिसतो. म्हणायची रीत एवढ्या पिढ्या चालली की दादांना ते खरंच वाटत होतं. वरचा वारा थांबला म्हणजे तो नदीवर आहे.

त्या रविवारी आमच्या रानाच्या वरच्या टोकाला दादांचं उपणणं चाललं होतं. चार-साडेचारला वारा ढिला झाला. सूप खाली ठेवून दादा म्हणाले, “मुक्ते, आता उतर खाली. नदीवर गेलंय बघ वारं, पाणी प्यायला.”

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं आणि मलाही. आमचं रान पश्चिमेच्या काठावर, दरड चांगली दोन पुरुष उंच. पश्चिमेचा वारा त्या दरडीवरून उडी मारतो आणि पार मध्यावर जाऊन पाण्याला टेकतो. काठाजवळ निव्वळ भोवरे. शिवाय तो पाठीवरचा वारा, तुम्हाला काठापासून दूर नेतो आणि परत आणत नाही. शिकणाऱ्याला हा काठ उपयोगाचा नाही हे ती आधीच बोलली होती. पण रान दादांचं, हौस दादांची, आणि घरातल्या थोरल्या माणसाला उभ्याउभ्या चूक कोणी म्हणावं? ती फळी घेऊन उतरली.

काठाशी शीड नुसतं लोंबलं. ती हातानं पाणी मारत थोडी पुढं सरकली तेवढ्यात दरडीवरून एक झोत उतरला, शीड फुगलं आणि ती सरळ रेषेत निघाली. काळं पाणी, त्यावर पांढरं शीड, फळीच्या मागं उमटत जाणारी रेघ. दादा टाळ्या वाजवत होते. अर्ध्या पात्रात गेल्यावर वारा संपला. जवळजवळ अर्धा तास ती फळीवर पालथी पडून हातानं वल्हवत आली, शीड मागं पाण्यात ओढत. तोवर गडीमाणसं, शेजारचे लोक काठावर जमले होते.

दादांनी आपली बाजू सांभाळत टोमणा मारला, “गेली वाऱ्यावर, आली पोटावर.”

लोक हसले. मुक्ता दरडीला टेकून धापा टाकत होती. ती म्हणाली, “मोठे बाबा, तुमचं वारं पाणी प्यालं आन तिथंच झोपलं.”

तेव्हा सगळ्यात मोठ्यानं दादाच हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पलीकडच्या शेतकऱ्याला भेटून त्याच्या उतरत्या मुरमाड काठाची परवानगी मिळवली. तिथं वारा पाण्यावरून समोरून यायचा. कोणी भरकटलं तरी काठालाच लागणार होतं. पुलावरून वळसा घालून फळी ट्रॅक्टरमध्ये न्यावी लागायची आणि ट्रॅक्टर दादाच चालवायचे.

मग आषाढ आला. त्या वर्षी वरच्या भागात पाऊस लवकर आणि जोराचा झाला. आमच्याकडं अजून पावसाआधीची धूळपेर चालू होती, आभाळ नुसतं पळत होतं, आणि खाली पाणी चढू लागलं. गढूळ, तांबूस, कडेला काटक्यांचा फेस घेऊन. गाळ झाकला, बांधाचे दगड झाकले, चुन्याच्या खुणा झाकल्या. आणि वारा थांबला नव्हता. एरवी पाणी भरेपर्यंत श्रावण-भाद्रपद होतो आणि वाऱ्याचं बळ सरलेलं असतं. त्या वर्षी दोघं एकाच वेळी घरी आले.

मुक्तानं लगेच संस्थेला कळवलं आणि पंचमीला ते सर आले.

तो दिवस मी कितीही साधेपणानं सांगितला तरी वाढवून सांगितल्यासारखा वाटेल. आभाळ भरलेलं पण पाऊस नाही. पूर्ण पात्रावर वाऱ्याचे बारीक खवले उठलेले, मध्यावर अधूनमधून पांढरी शेंडी. ओल्या मातीचा आणि तरवडाच्या फुलांचा वास. मुक्ता काठावरून निघाली ती समोरच्या वाऱ्यात नागमोडी वळणं घेत एका दमात पलीकडच्या आमच्या दरडीजवळ गेली, तिथं अंगाला झोका देऊन शीड फिरवलं आणि परत आली. पुन्हा गेली. शिडाच्या दांडीला लटकून ती मागं इतकी झुकायची की पाठ पाण्याला लागते की काय वाटावं. ती पडली नाही. शंकरमामांची होडी झाडाला बांधलेलीच राहिली. सरांनी दोन वेळा माझ्याकडून यंत्र घेऊन स्वतः वारा मोजला आणि दोन्ही वेळा मान हलवली. ते मोजकं बोलणारे, सरळ गृहस्थ होते. मला आवडले.

मुक्ता वर आली, केस पिळत उभी राहिली. सर म्हणाले, जागा उत्तम आहे. काठ उत्तम, वारा उत्तम. केंद्र चालवायचं तर वर्षात निदान चार महिने असा वारा पाहिजे. तेवढा मिळतो का?

दादा पुढं झाले. “चार काहून? बाराही महिने घ्या साहेब. आमच्याकडं वाऱ्याला काय तोटा हाय?”

सरांनी मुक्ताकडं बघितलं. मुक्ता केस पिळता पिळता म्हणाली, “वाऱ्याचं बाबांना विचारा, सर.”

सगळे माझ्याकडं वळले. सुमनसुद्धा, जी इतका वेळ पाठमोरी होती. यंत्र माझ्या मुठीत होतं आणि त्याचा पंखा फिरत होता. माझ्यापुढं काही फार मोठा पेच होता असं मी म्हणणार नाही. ओलाव्याची कट किती, असं विचारल्यावर मी उत्तर देतो, तसंच ते होतं.

मी म्हणालो, “वारा चार महिने असतो. पाणीही असतं, सहा-सात महिने. पण दोन्ही एकदम म्हणाल तर एखादा महिना, तोही सलग नाही. यंदा पाणी लवकर आलं म्हणून तुम्हाला हे दिसलं. दिवाळीला याल तर इथं आरशासारखं पाणी असेल.”

सर पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, बरं झालं स्पष्ट सांगितलंत. नंतर चहा झाला, पोहे झाले, सरांनी सुमनच्या हातच्या लोणच्याची चौकशी केली. निघताना मुक्ताला म्हणाले, तुझी जागा तिकडं अजून कोणाला दिलेली नाही.

गाडी पुलावर दिसेनाशी झाली आणि दादांचा बांध फुटला. “मोंढ्यात लोकाच्या हळदीचं वजन बराबर धरतोस, माधवा. घरच्या लेकराचं धरता आलं न्हाई तुला? जरा आकडा फुगवला असता तर काय धरण फुटलं असतं?”

मी त्यांना समजावलं. आकडा फुगवला असता तर अकरा महिने फळ्या शेडमध्ये पडून राहिल्या असत्या, लांबून शिकायला आलेली माणसं काठावर बसून जांभया देत परत गेली असती, आणि वर्षानं बोल मुक्तालाच लागला असता. हे सगळं खरं होतं आणि मी ते नीट सांगितलं. दादा ट्रॅक्टरवर जाऊन बसले. खरं बोलून माणूस हलका होतो म्हणतात. मला तरी हातपाय जड झाल्यासारखं वाटत होतं, दोन पोती पाठीवरून उतरवल्यावर होतात तसे.

मुक्तानं शीड उकलून गुंडाळायला घेतलं. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघं ते ओलं कापड गुंडाळत गेलो.

मग ती म्हणाली, “तुमी काय सांगणार ते मला माहीत होतं, बाबा. मनूनच तुमाला विचारा म्हणलं. माझ्या तोंडातून निघून नव्हतं राहिलं.”

मी म्हणालो, कोपरा नीट धर, सुरकुती पडते आहे.

ती लगेच गेली नाही. म्हणाली, वारा आहे तोवर राहते. मग जे दिवस आले त्यांना कसला हेतूच नव्हता. पाहणी झाली होती, निकाल लागला होता. आता वारा किती आहे याच्यावर काही अवलंबून नव्हतं, आणि तरी तो रोज दुपारी वेळेवर यायचा. मी दुकानातून दुपारनंतर सुटी काढून गावाकडं जायचो. मालक म्हणाले, घरी कोणी आजारी आहे का? मी नाही म्हणालो आणि मोटारसायकलची किल्ली उचलली. दादांचा राग ट्रॅक्टर चालवता चालवता ओसरला. त्यांना मुक्तानं एकदा फळीवर उभं केलं. धोतर खोचून, लाईफ जॅकेट घालून ते गुडघाभर पाण्यात तीन वेळा पडले आणि वर येऊन म्हणाले की ही फळीच वाकडी आहे.

यंत्र मी घरीच ठेवू लागलो. तरीही आकडा कळायचा. पाण्यावर खवले आले की दहा. बाभळीची डहाळी वाकून परत आली नाही की पंधरा. सुमनच्या पदराची फडफड ऐकू आली की अठराच्या पुढं. अशाच एका दुपारी माझ्या लक्षात आलं की सुमन पाण्याकडं तोंड करून बसली आहे. सूप शेजारी पालथं. मुक्ता लांब, मध्यावर, टाचणीएवढी. मी तिच्या बाजूला जाऊन बसलो. थोड्या वेळानं सुमनच म्हणाली, “किती लांब गेली हो. पन भ्या वाटंना.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्यामुळंही असेल, त्या दिवशी वारा वीसच्या वर होता.

श्रावणात वारा तुटत गेला. एक दिवस आड, मग दोन दिवस आड. पाणी मात्र चढतच होतं, आणि पोळ्याच्या सुमारास फुगवटा काठोकाठ भरला तेव्हा त्याच्यावर एक सुरकुती नव्हती. मुक्तानं फळी धुऊन दादांच्या शेडमध्ये आडवी टांगली आणि कपडे भरायला घेतले.

मला पुष्कळदा वाटतं की आमच्या मुलखात हा एकट्या नदीचा प्रश्न नाही. ज्या वयात अंगात जोर होता त्या वयात माझ्यापुढं काही करण्यासारखं नव्हतं. आता मुलीमुळं थोडं पाणी दिसलं, तर अंगातला वारा सरलेला. सुमनचंही तेच, दादांचंही थोडंफार तेच. एखाद्या वर्षी वरच्या अंगाला लवकर पाऊस होतो आणि महिनाभर दोन्ही जमतं. बाकी अकरा महिने माणूस काम करतो, जेवतो, झोपतो. याबद्दल माझी कोणाकडं तक्रार नाही. थकवा मात्र आहे.

ती गेली त्या सकाळी मी तिला हिंगोलीच्या स्टँडवर सोडायला गेलो. परभणीची गाडी लागलेली होती. पुढं परभणीहून तिला रेल्वे होती. सुमन घरीच थांबली, दारातून हात हलवून आत गेली. मी मुक्ताची बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली दिली, पोचल्यावर फोन कर म्हणालो. एवढं झाल्यावर उतरायचं असतं. मी तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसलो.

घंटी झाली. कंडक्टर म्हणाले, “काका, उतरा, गाडी निघून राहिली.”

मी म्हणालो, “औंढ्यापर्यंत द्या.”

मुक्ता म्हणाली, “औंढ्याला काय काम हाय तुमचं?”

“काही न्हाई.”

गाडी गावाबाहेर पडली तशी तिनं काच सरकवली. बाहेर दोन्ही बाजूंनी हळद कमरेइतकी झाली होती आणि तिचं एकही पान हलत नव्हतं. गाडीच्या वेगाचा वारा तेवढा आत येत होता. तिनं तळहात खिडकीबाहेर काढला, थोडा तिरका धरला, मग माझ्याकडं वळून म्हणाली, सांगा किती. मी पण हात बाहेर काढला. चाळीस, मी म्हणालो. ती म्हणाली, पंचेचाळीस.

कंडक्टर मशीन घेऊन आले. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट लागतं. दोन तिकिटं घेतली: परभणीपर्यंतचं तिचं अर्धं, औंढ्यापर्यंतचं माझं पूर्ण.